23 मिनिटं आणि एक न संपणारा करार

(दृश्य: व्हँकुव्हर ऑलिंपिक, फेब्रुवारी 2010. बर्फावरची हॉकी, कॅनडा विरुद्ध जर्मनी. एकच फटका, दोनदा, संथ गतीत.)

चकती कुठे गेली, दिसलं? पुन्हा बघा. जाळीत शिरली आणि जाळी भेदून मागून बाहेर पडली. इतकी झपाट्याने, की खेळ तसाच चालू राहिला. गोल झालाय हे नंतर रिप्ले बघून ठरलं.

फटका मारणाऱ्याचं नाव शे वेबर. बचावपटू. दाढी भरघोस, बोलणं मोजकं.

आपल्याकडे हॉकी म्हटलं की मैदान आणि ध्यानचंद आठवतात. ही हॉकी बर्फावरची, उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या व्यावसायिक लीगची. इथे आयपीएलसारखी बोली लागत नाही. एक क्लब खेळाडू देतो, दुसरा त्याच्या बदल्यात खेळाडू देतो. ज्याची बदली होते, त्याला बहुतेक वेळा विचारतही नाहीत.

(दृश्य: मॉन्ट्रियल, उन्हाळा. रस्त्यावर लाल जर्सी.)

29 जून 2016. त्या दुपारी अवघ्या 23 मिनिटांत तीन बातम्या आल्या. टँपाचा कर्णधार स्टीव्हन स्टॅमकोस क्लब सोडणार अशी चर्चा होती, तो राहिला. एडमंटनने टेलर हॉल न्यू जर्सीला देऊन टाकला, बदल्यात घेतला फक्त ॲडम लार्सन. पुढे 2018 मध्ये हॉल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. एडमंटनकरांसमोर हा विषय न काढलेलाच बरा.

आणि तिसरी बातमी: मॉन्ट्रियलने पी. के. सुबान नॅशव्हिलला दिला आणि वेबर घेतला.

सुबान म्हणजे मॉन्ट्रियलचा लाडका. भडक सूट, गोलनंतरचा जल्लोष, तोंडभर हसू. आदल्याच वर्षी त्याने शहरातल्या मुलांच्या रुग्णालयासाठी 1 कोटी डॉलर उभे करण्याचा शब्द दिला होता. मग घाई कसली होती? तारीख बघा. त्याच्या करारातलं एक कलम 1 जुलैला लागू होणार होतं. त्यानंतर त्याच्या संमतीशिवाय त्याला कुठेही पाठवता आलं नसतं. हातात दोन दिवस उरले होते.

लोक भडकले. 27 वर्षांचा खेळाडू देऊन तिशी ओलांडलेला घेतला, तोही 2026 पर्यंतच्या करारासकट! दुसरी बाजू म्हणायची, आता ड्रेसिंग रूमला शिस्त लागेल. मला विचाराल तर ‘शिस्त’ हा शब्द तेव्हा जरा जास्तच वापरला गेला. सुबानचा खेळ कमी पडला म्हणून तो गेला नाही. त्याचा आवाज काहींना मोठा वाटत होता.

मग जिंकलं कोण? सुबानला घेऊन नॅशव्हिल 2017 मध्ये स्टॅन्ली कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीत गेलं आणि हरलं. वेबरच्या नेतृत्वाखाली मॉन्ट्रियल 2021 मध्ये अंतिम फेरीत गेलं आणि हरलं. घ्या, झाली बरोबरी.

(दृश्य: 2021, अंतिम फेरीनंतर. वेबर बर्फावरून बाहेर जाताना.)

हा वेबरचा शेवटचा सामना. पाऊल, घोटा, गुडघा, अंगठा, सगळंच निकामी होत आलं होतं. पण त्याने निवृत्ती जाहीर केली नाही. त्यामागे नियमांचा हिशेब होता. 14 वर्षांचा, 11 कोटी डॉलरचा तो करार नॅशव्हिलच्या काळातला, आणि त्यातला बराच पैसा सुरुवातीच्या वर्षांत दिलेला. वेबर मुदतीआधी निवृत्त झाला असता तर लीगने त्याचा दंड जुन्या क्लबच्या पगारमर्यादेतून, म्हणजे पगारावर खर्च करायला मुभा असलेल्या रकमेतून, वळता केला असता. म्हणून कागदोपत्री तो ‘जखमी’ राहिला. 2022 मध्ये त्याचा करार लास व्हेगासला गेला, पुढच्या वर्षी ॲरिझोनाला. खेळाडू मात्र घरी!

ॲरिझोनाला हा व्यवहार नवा नव्हता. 2016 च्याच जूनमध्ये डेट्रॉईटचा जादूगार पावेल दात्स्युक एनएचएल सोडून रशियाला परत निघाला. कराराचं एक वर्ष बाकी होतं. पस्तिशीनंतर लागू होणारा करार खेळाडू गेला तरी पगारमर्यादेत मोजला जातो, असा नियम; म्हणजे 75 लाख डॉलरचा बोजा डेट्रॉईटच्या डोक्यावर. ॲरिझोनाला मात्र उलटी गरज होती. इथे पगाराला कमाल मर्यादा असते तशी किमानही असते, आणि ती गाठायला असा न खेळणारा आकडा सोयीचा पडतो. त्यांनी तो करार घेतला, आणि त्याबरोबर नव्या खेळाडूंच्या निवडीतला वरचा क्रमांकही पदरात पाडून घेतला. जो माणूस त्यांच्यासाठी कधीच खेळणार नव्हता, त्याच्याच जोरावर!

(दृश्य: मोबाईलचा पडदा. सुबानचे जुने गोल.)

20 सप्टेंबर 2022. सुबानने समाजमाध्यमावर लिहिलं: निवृत्त होतोय. वय 33, मागे 834 सामने. त्याच दिवशी बोस्टनचा माजी कर्णधार, 45 वर्षांचा झ्देनो चाराही थांबला. त्याचं थांबणं अपेक्षित होतं. सुबानचं पाहून लोक चमकले. आठ वर्षांचा, 7 कोटी 20 लाख डॉलरचा करार त्या उन्हाळ्यातच संपला होता. ना दुसऱ्या क्लबला विकायला कागद उरला होता, ना सांभाळायचा हिशेब. ज्याच्यासाठी मॉन्ट्रियल रडलं, तो असा एका पोस्टवर मोकळा झाला.

(दृश्य: टोरोंटो, नोव्हेंबर 2024. हॉल ऑफ फेमचा सोहळा.)

त्या वर्षीच्या मानकऱ्यांत दात्स्युक होता. वेबर होता. आणि वेबरला मॉन्ट्रियलला धाडणारे नॅशव्हिलचे व्यवस्थापक डेव्हिड पॉइल, तेही होते. ॲरिझोनाचा संघ तोवर गाशा गुंडाळून उटाहला गेला होता, आणि सामानाबरोबर वेबरचा करारही. मुदत तेव्हाही तीच: 2026.