कसाऱ्याच्या बोगद्यातला डायनासोर

(काळा पडदा. रुळांची खडखड. मग एका चेहऱ्यावर फोनचा उजेड.)

इगतपुरी मागे पडली. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस कसारा घाट उतरतेय. बोगदा आला, रेंज गेली, आणि डब्यातल्या निम्म्या माना वर झाल्या. खिडकीशी बसलेल्या या पासधारकाची मान मात्र खालीच आहे. नेट नसल्याचं क्रोमने त्याला कळवलंय आणि सोबत एक करडा डायनासोर दिलाय. काचेवर बोट टेकवा, तो पळत सुटतो. निवडुंग आला, टॅप. पुन्हा निवडुंग, पुन्हा टॅप.

हा डायनासोर 2014 पासून तिथे उभा आहे. कॉम्प्युटरवर त्याला स्पेसबारने उडवायचं. फोनवर अख्खी काचच स्पेसबार. बोट कुठे ठेवायचं हे शोधावंच लागत नाही.

फोनच्या ब्राउझरमध्ये बाकीच्या खेळांचं इतकं सरळ नाही. ते का, हे बघायला नाशिकला परत जाऊ.

(कॉलेज रोडजवळची गल्ली. शटर वर जातं.)

इथे पूर्वी सायबर कॅफे होता. आता झेरॉक्स, परीक्षांचे फॉर्म, पासपोर्ट फोटो. काकांनी माळ्यावरून हा कीबोर्ड काढून दाखवला.

(कीबोर्ड जवळून. फुंकर. धूळ उडते.)

अक्षरं शाबूत आहेत. चार बाण आणि स्पेसबार मात्र घासून गुळगुळीत. कॉलेज सुटल्यावर इथे पोरं काय करत होती, ते वेगळं विचारायला नको.

त्या काळचे ब्राउझरमधले बहुतेक खेळ फ्लॅश नावाच्या सॉफ्टवेअरवर चालायचे. 2007 साली आयफोन आला तो फ्लॅशशिवाय. अँड्रॉइडवर थोडे दिवस जमलं, पण फोनसाठीच्या फ्लॅशचं काम ते बनवणाऱ्या अडोबी कंपनीने 2011 मध्ये थांबवलं. कॉम्प्युटरवर त्याने आणखी तग धरला. 31 डिसेंबर 2020 ला तिथलाही आधार संपला आणि 12 जानेवारी 2021 पासून फ्लॅश प्लेअरने खेळ दाखवणंच बंद केलं. तोवर वेबपानं बनवायची नवी पद्धत, एचटीएमएल 5, रुळली होती, त्यामुळे नवे खेळ ब्राउझरमध्ये वेगळं काही न बसवता चालू लागले. जुन्यांसाठी रफल नावाची सोय निघाली. ती फ्लॅशची नक्कल करते, आणि इंटरनेट अर्काइव्हवरचे कितीतरी जुने खेळ तिच्या जोरावर पुन्हा उघडतात.

काकांनी त्यांचा आवडता गाडीचा खेळ फोनवर उघडला. गाडी जागची हलेना. "ताई, खेळ आला हो," ते म्हणाले, "पण बाण कुठून आणू?"

(मेन रोड. मोबाइलच्या सामानाचं दुकान. बोटभर लांबीची वायर.)

बाण इथे मिळाले. ही ओटीजी केबल. एक टोक फोनला, दुसरं माळ्यावरच्या त्याच कीबोर्डाला. गाडी सुटली. काकांचा चेहरा तुम्ही बघताच आहात.

पण खिशात कीबोर्ड घेऊन कोण फिरणार? म्हणून अंगठ्याकडे येऊ.

(अंगठा आणि फूटपट्टी, अगदी जवळून.)

ही पट्टी बघा. बोटाने दाबायचं बटण सुमारे 9 मिलिमीटरचं असावं, असं अँड्रॉइडसाठी गूगल सुचवतं. माऊसचा बाण टाचणीच्या टोकाएवढा असतो, शिवाय क्लिक न करता नुसता वरून फिरवता येतो. बोट ज्याला शिवतं त्यालाच झाकतं. माऊससाठी बनवलेल्या खेळाचं फोनवर काय होतं, ते या पट्टीवर दिसतं.

(गंगाघाट. पायऱ्यांवर आत्या आणि भाची.)

आत्या पत्त्यांचा खेळ खेळतायत. गुलाम खाली ओढला, की ब्राउझरमधलं सगळं वेबपान नव्याने उघडतं.

"अगं, परत पहिल्यापासून आलं बघ!"

"आत्या, तू सगळं वेबपानच खाली ओढतेयस. म्हणून रिफ्रेश होतं."

खेळ बनवणाऱ्याने कोडमध्ये एक ओळ लिहिली असती, तर हे टळलं असतं. नाही लिहिली. मग भाचीने मेन्यूतून खेळ होम स्क्रीनवर टाकून दिला. आता वेबसाइटचा पत्ता दाखवणारी वरची पट्टी गेली, पडदा मोठा झाला, आणि गुलाम राणीखाली गेला. सगळेच खेळ असे पूर्ण पडद्यावर उघडत नाहीत, हा उघडला. मग तिने फोन आडवा केला, ऑटो रोटेट बंद केलं, डू नॉट डिस्टर्ब लावलं. नाहीतर नेमक्या डावात कुणाचा तरी सुप्रभात वरून टपकतो. ब्राउझरचा डेटा साफ करायचा नाही, असंही तिने दोनदा बजावलं. फोन हळू चालतो म्हणून एका दुकानात तो साफ करून घेतला होता, तेव्हा आत्यांचे महिन्याभराचे डाव त्यासोबत वाहून गेले.

आत्यांच्या फोनमध्ये जागा नाही. नातवंडांचे व्हिडिओ पुसायला त्या तयार नाहीत, आणि आम्हीही त्यांच्याच बाजूचे. चार पत्ते खेळायला ॲप कशाला उतरवायचं?

(बाकावर बाप आणि मुलगी. फोनवर बुद्धिबळाचा पट.)

हे विदित गुजराथीचं गाव. 2013 साली ग्रँडमास्टर झालेला, 2024 ला बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघातला. ही मुलगी लीचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर खेळते. फुकट, जाहिराती नाहीत, ब्राउझरमध्ये थेट. पण घोडा ओढताना तो तिच्या बोटाखाली जायचा आणि भलत्याच घरात पडायचा.

"बाबा, मी तिथे ठेवलाच नव्हता!"

बाबांनी सेटिंगमध्ये जाऊन ओढणं बंद केलं. आता आधी घोड्यावर टॅप, मग घरावर टॅप. बोट मधे येत नाही. बघा, बसला.

डोळे, मान, बॅटरी, चुकलेलं स्टेशन, हे सगळं आहेच. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या कायद्याने बंदी आली, तो विषय निराळा.

(पुन्हा पंचवटी. पुन्हा बोगदा.)

डायनासोर अजून पळतोय. सहाशे ऐंशी. सहाशे नव्वद. सातशेला खेळातलं आकाश काळं होतं.

(पडदा काळा होतो. खिडकीही काळी. फक्त टॅपचा आवाज.)