वेखंडाच्या पानांचा सण : जपानचा ५ मे

५ मे. जपानात आज सुट्टी आहे, ‘कोदोमो नो हि’, म्हणजे बालदिन. काठ्यांवर कापडी मासे वाऱ्याने फुगले आहेत. टोकाला गरगरतं चक्र, खाली पंचरंगी पट्ट्या, मग मोठा काळा मासा, त्याखाली तांबडा आणि शेवटी छोटा निळा. पाऊस दिसला की ते उतरवतात. ओल्या माशांची घडी घातली, तर काळा रंग तांबड्याला लागतो.

मासे एदो काळातले, म्हणजे १६०३ ते १८६८ या शोगुनांच्या राजवटीतले. सामुराई घराण्यांपुढे कुलचिन्हांची निशाणं लागत, शहरातल्या व्यापाऱ्यांनी कार्प मासा उभारला. कारण चिनी कथेत धबधबा चढून गेलेला कार्प ड्रॅगन होतो.

सण मात्र त्याहून कितीतरी जुना. ‘तांगो नो सेक्कू’, पाचव्या चांद्रमासाचा पाचवा दिवस. तेव्हा पावसाळा तोंडावर असे, रोगराईची भीती असे. म्हणून हेइआन काळातही (आठव्या ते बाराव्या शतकात) वळचणीला उग्र वासाची पानं खोवत : दवण्याच्या कुळातला योमोगी आणि शोबू. शोबू म्हणजे आपलं वेखंड, बाळासाठी सहाणेवर उगाळतात तेच. १८७३ साली जपानने नवं कॅलेंडर घेतलं आणि सण कोरड्या, उन्हाच्या मे महिन्यात येऊन बसला. पानं तरीही टिकली, हे विशेष.

आज ती न्हाणीघरात दिसतात. दहाएक पानांची जुडी बांधून रिकाम्या टबात ठेवायची, वरून ४२-४३ अंशांचं पाणी सोडायचं आणि पाणी चाळीसवर आलं की आत उतरायचं. कोमट पाण्यात पानं नुसती टाकली, तर त्यातलं तेल नीट सुटत नाही. बुडाजवळचा तांबूस भाग कापू नये, वास तिथेच जास्त. नेहमीची फसगत हानाशोबूची होते. जांभळ्या फुलांचा तो आयरिस, पानं तशीच तलवारीसारखी, पण त्यांना हा सुगंध नाही. पान चुरडून हुंगलं की लगेच कळतं.

१९४८च्या कायद्याने हा दिवस सगळ्या मुलांचा झाला. त्याआधी तो मुलग्यांचा होता. त्याच कायद्यात आईचे आभार मानायलाही सांगितलं आहे, आणि ते फार थोड्यांच्या लक्षात असतं.

खायला काशिवा-मोची. तांदळाच्या पिठीची उकड वाफवून गरम असतानाच मळतात, नाहीतर पारीला भेगा पडतात. आत गोड वाटलेली चवळीसारखी लाल आझुकी. वर ओकच्या जातीच्या झाडाचं पान, कारण नवी पालवी फुटेपर्यंत या झाडाची जुनी पानं गळत नाहीत. वंश खंडू नये, ही त्यामागची इच्छा. मोची निवल्यावरच पान गुंडाळायचं, गरम असताना ते चिकटतं. खाताना पान काढून टाकतात.