बांबूवरचा हिरवा उजेड

मेघालयातलं मावलिनाँग, स्वच्छ गाव म्हणून रील्समध्ये दिसतं ना, तेच. पावसाळ्याची रात्र, ओढ्याकाठी बांबूचं बन, आणि खाली पडलेल्या कुजक्या बांबूवर हिरवट उजेड. काजवे नाहीत हे, अळंबी आहे.

गावच्या लोकांना तिचं नवल नव्हतंच. ते तिला इलेक्ट्रिक मशरूम म्हणायचे, आणि रात्री रानातून जाताना असा चमकणारा बांबूच टॉर्चसारखा हातात धरायचे. अळंब्यांचा सर्व्हे करायला आलेल्या भारत-चीनच्या संशोधकांना ती दाखवली पण त्यांनीच. नवीन प्रजाती सापडली अशी बातमी वाचताना हे लक्षात ठेवा, नवीन होती ती फक्त शास्त्राच्या वहीत.

पण त्या वहीत नाव चढवणं म्हणजे भयंकर चिकाटीचं काम. अळंबी एकदा सुकली की आकसते, रंग जातो, म्हणून टोपी, खालची पाती, देठ, सगळं ताजं असतानाच मोजायचं, फोटो काढायचे, कुठल्या लाकडावर उगवली तेही लिहायचं आणि मग ती सुकवून जपायची. हिचं लाकूड ठरलं फायलोस्टॅकिस मॅनी नावाचा बांबू. चमकतो फक्त देठ, टोपी अंधारातच, आणि ही खूण फार कामाची, कारण दिवसा बघितलं तर अशा इवल्याशा फिक्या अळंब्या सगळ्या बहिणीबहिणीच वाटतात.

मग मायक्रोस्कोप. टोपीचा पातळ काप घ्यायचा, स्पोर म्हणजे बीजाणू मायक्रॉनमध्ये मोजायचे, आयोडीनच्या द्रावणात ते निळसर होतात का बघायचं. तरी शंका उरतेच, म्हणून डीएनए. बुरशीची ओळख पटवायला आयटीएस नावाचा एक तुकडा वापरतात, तो वाचून आधीच्या नोंदींशी ताडून बघितला तेव्हा ही अळंबी रोरिडोमायसिस या वंशात बसली, पण फांदी स्वतःची, वेगळी. या नावाच्या मुळाशी दवात भिजल्याचा अर्थ आहे, कारण यांचा देठ बुळबुळीत असतो. पूर्वी यांना मायसिना नावाच्या दुसऱ्या वंशातच धरायचे, 1994 मध्ये वेगळं केलं.

आणि 2020 मध्ये फायटोटॅक्सा या जर्नलमध्ये नाव छापून आलं, रोरिडोमायसिस फायलोस्टॅकिडिस. आडनाव बांबूचं! भारतात या वंशाची ही पहिलीच नोंद. एक नमुना कायमचा जपून ठेवावा लागतो, उद्या कुणाला वाटलं आपल्याला सापडलेली तीच आहे तर ताडून बघायला.

आपल्याकडे भीमाशंकरच्या जंगलात पण पावसाळ्यात कुजकी लाकडं चमकतात. बघायला गेलात तर टॉर्च बंद करून डोळे सरावेपर्यंत थांबा, आणि फोटो काढताना नुसता उजेड नको, चमकतोय तो देठ की टोपी की लाकूडच, ते दिसू द्या, आणि झाड कुठलं तेही लिहून ठेवा. तोडू मात्र नका.