गाभारा नसलेलं देऊळ

मंडळी, जपानमधल्या देवळांचा विषय निघाला की क्योतोच्या त्या लाल कमानींची रांग डोळ्यांपुढे येते. आज मी बोलणार आहे ते नारा प्रांतात, साकुराई शहरात असलेल्या ओमिवा देवस्थानाबद्दल. आपल्याकडून जपानला जाणाऱ्यांच्या यादीत ते सहसा नसतं.

या देवळाला गाभाराच नाही. प्रार्थनेसाठी मंडप आहे. आजचा मंडप चौथे शोगुन (म्हणजे लष्करी सत्ताधीश) तोकुगावा इएत्सुना यांनी १६६४ मध्ये बांधवला. मंडपामागे एकमेकींना जोडलेल्या तीन कमानी, आणि त्यांच्यापलीकडे थेट डोंगर. ४६७ मीटर उंचीचा, गर्द झाडीचा मिवा डोंगर. हात जोडायचे ते त्यालाच.

इथला देव ओमोनोनुशी. ‘निहोन शोकी’ या ७२० सालच्या इतिहासग्रंथात त्याची गोष्ट आहे. तो पत्नीकडे फक्त रात्री यायचा. तिनं एकदा तोंड दाखवायची गळ घातली. तो म्हणाला, सकाळी तुझ्या फणीच्या पेटीत बघ, पण दचकू नकोस. तिनं पेटी उघडली, तर आत छोटासा देखणा साप! ती किंचाळली, आणि अपमान झालेला देव डोंगरावर निघून गेला. आजही देवळाच्या आवारातल्या एका जुन्या सुगी वृक्षापुढे, म्हणजे जपानी देवदारापुढे, लोक अंडी आणि साके ही तांदळाची दारू ठेवतात. सापाला अंडी आवडतात म्हणून.

डोंगरावर जाता येतं, पण देवाच्या अंगावर पाय ठेवतोय याची जाणीव ठेवून. साई या उपदेवळात नाव नोंदवायचं, घुंगरू लावलेला पांढरा पट्टा गळ्यात घालायचा. वर खायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, पानसुद्धा उचलून आणायचं नाही. मला हे नियम फार मोलाचे वाटतात. निसर्ग पवित्र आहे असं म्हणणं सोपं. इथं ती भावना माणसाच्या हातापायांना बांधून घातली आहे.

ओमोनोनुशी हा साके गाळणाऱ्यांचाही देव. दर १४ नोव्हेंबरला त्यांचा उत्सव असतो. सुगीच्या हिरव्या डहाळ्यांचे गोळे इथून देशभरच्या साके-भट्ट्यांना जातात आणि दारावर टांगले जातात. गोळा हिरवा असतो तेव्हा साके नवी. तो तपकिरी होत जातो तशी आत साकेही मुरत जाते.

वसंतात फुलं गळू लागली की रोगराईचा देवही त्यांच्याबरोबर चौफेर पसरतो, अशी जुनी समजूत. त्याला शांत करायला १८ एप्रिलला पूजा होते. ७०१ सालच्या तायहो कायदेसंहितेत या पूजेची तरतूद होती. नैवेद्याला रानलिलीचे कंद आणि सुइकाझुरा नावाची वेल, दोन्ही औषधी.

त्याच रानलिलीची फुलं १७ जूनला नारा शहरातल्या इसागावा या ओमिवाच्याच उपदेवळात साकेच्या घटांवर सजवतात. डोंगरातली लिली कमी झाली, तेव्हा गावकऱ्यांनी ती हातानं लावायला घेतली. बी रुजल्यापासून फूल यायला कित्येक वर्षं लागतात, तरी ते लावतात.