रेंज गेली, पैसे कापले, मग दाद कोणाकडं मागायची?

राम राम मंडळी. आज मोबाईलच्या तक्रारीबद्दल बोलू, कारण आपल्याकडं आष्टी-पाटोद्याच्या डोंगरपट्ट्यात म्हणा नाहीतर किनवटच्या जंगलाकडं, रेंज गेली किंवा न मागितलेल्या सेवेचे पैसे कापले की माणूस आधी रिचार्जवाल्याशी भांडतो आणि मग म्हणतो, थांबा, आता ट्रायलाच (म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी नियामक संस्थेला) कळवतो.

तर आधी हे पक्कं लक्षात घ्या की ट्राय एकट्यादुकट्याची तक्रार ऐकून निकाल देत नाही. १९९७ च्या ज्या कायद्यानं ट्राय आली त्यात तिला तो अधिकारच दिलेला नाही, तुम्ही अर्ज पाठवला तर तो कंपनीकडं पुढं जातो. तिचं काम म्हणजे तक्रार कशी घ्यायची, किती दिवसात मिटवायची याचे नियम करायचे आणि कंपन्या ते पाळतात का बघायचं.

ट्रायच्या २०१२ च्या नियमात रस्ता ठरवून दिलाय. १९८ ला फोन लावा, पैसे लागत नाहीत. बोलून झालं की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक घ्या, घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. आणि तक्रार मिटलीच नाही, किंवा मिटली म्हणून मेसेज आला पण घरात रेंज तशीच गायब, तर ३० दिवसांत कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडं जायचं, त्याला फी नाही आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. आता हे अपील ऐकणारा कंपनीनंच नेमलेला असतो. सल्ला द्यायला ग्राहक संघटनेचा एक माणूस असतो, पण शेवटचा शब्द कंपनीचा. मला हे अर्धवट वाटतं, तरी अपील कराच म्हणतो, कारण पुढं ग्राहक आयोगात गेलात तर हेच कागद कामाला येतात.

हा ग्राहक आयोगाचा दरवाजा बरीच वर्षं अडून होता. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका प्रकरणात सांगितलं की टेलिफोनच्या बिलाचा वाद १८८५ च्या तार कायद्याप्रमाणं लवादाकडं जाईल, ग्राहक मंचाकडं (आयोगाचं तेव्हाचं नाव) नाही, आणि त्याचा आधार घेऊन मोबाईल कंपन्याही मंचात आक्षेप घ्यायला लागल्या. मग अहमदाबादच्या एका ग्राहकाचं प्रकरण वर गेलं, महिन्याला सरासरी साडेपाचशेच्या आसपास बिल येणाऱ्या माणसाला एकदम २४ हजार ६०९ रुपयांचं बिल आलं होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की ग्राहक आयोगाला हे ऐकता येतं. आता तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात, बीड असो की हिंगोली, दावा टाकता येतो, सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखापर्यंत असेल तर फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. फक्त दोन वर्षांच्या आत जायचं. दिल्लीला टीडीसॅट म्हणून न्यायाधिकरण आहे ते कंपन्या-कंपन्यांचे, कंपनी-सरकारचे, फार तर ग्राहकांच्या गटाचे वाद ऐकतं, एकट्यानं तिकडं जायचं कारण नाही.

आणि ट्रायच्या नियमालाच आव्हान दिलं तर? २०१३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणं ते टीडीसॅटमध्ये नाही, हायकोर्टात. कॉल ड्रॉपचं तसंच झालं बघा. २०१५ मध्ये ट्रायनं नियम केला की कॉल तुटला की ग्राहकाला १ रुपया, दिवसाला जास्तीत जास्त ३. कंपन्या कोर्टात गेल्या, दिल्ली हायकोर्टानं नियम टिकवला, पण मे २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं रद्द केला. रुपया गेल्याचं मलाही वाईट वाटलं, पण कोर्टाचं म्हणणं समजून घेण्यासारखं आहे, ट्रायच्याच दुसऱ्या नियमात २ टक्के कॉल तुटायची मुभा होती, मग प्रत्येक कॉलला दंड कसा, आणि चूक कोणाची हे न बघता सगळा भार कंपनीवर का. नियम चांगल्या मनानं केला होता पण कच्चा होता, आणि कच्चा नियम कोर्टात पडला की नुकसान आपलंच होतं.

ट्रायचे २०२४ चे नवे नियम मात्र वाचून ठेवा. जिल्ह्यात २४ तासांपेक्षा जास्त नेटवर्क बंद राहिलं तर पोस्टपेडवाल्याला भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्याला व्हॅलिडिटी वाढवून द्यायची आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ट्रायनं सांगितलं की नुसत्या कॉल आणि एसएमएसचा पॅक ठेवावाच लागेल. ऊसतोडीला गेलेल्या आपल्या बाया-माणसांकडं साधा बटणाचा फोन असतो, त्यांनी डेटाचे पैसे का भरावेत?

पण नेटवर्क बंद राहण्याच्या त्या नियमात एक मोठी उणीव आहे, हिशोब जिल्ह्याचा धरलाय. एखाद्या तांड्याचा एकच टॉवर आठ दिवस बंद राहिला, म्हाताऱ्या माणसाच्या पगाराचा, म्हणजे पेन्शनचा ओटीपी आला नाही, बाळंतपणाला गाडी बोलवता आली नाही, तरी ते यात बसत नाही. नियम बदलायच्या आधी ट्राय मसुदा काढून लोकांच्या लेखी सूचना मागवते, त्या कोणालाही पाठवता येतात. तेव्हा सरपंचांनो, ग्रामसेवकांनो, टॉवर कधी बंद पडला कधी चालू झाला हे तारीखवार आजपासून एका वहीत लिहायला लागा, आणि सूचना मागवल्या की ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर तो सगळा हिशोब ट्रायला पाठवा.