सेजब्रशचा माळ

श्रोतेहो, नमस्कार. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर जाऊन आलेल्यांना दवणा वेगळा सांगायला नको. त्याची काडी नुसती बोटांत चुरली तरी वास दिवसभर हाताला राहतो. आज मी या दवण्याच्या एका दूरच्या भाऊबंदाविषयी बोलणार आहे. दवणा आर्टेमिसिया या प्रजातीतला. त्याच प्रजातीतलं एक झुडूप अमेरिकेच्या पश्चिमेला कोट्यवधी एकरांवर पसरलेलं आहे. त्याला तिथे सेजब्रश म्हणतात. कंबरेएवढं, कुठे पुरुषभर उंच, करड्या-रुपेरी रंगाचं. पाऊस पडून गेला की सगळ्या माळावर त्याचा उग्र, कडवट वास सुटतो.

आपल्यापैकी अनेकांची मुलं-नातवंडं कॅलिफोर्नियात आहेत. तिथून इंटरस्टेट 80 या रस्त्याने सॉल्ट लेक सिटीकडे निघालं की सिएरा नेवाडाचे डोंगर ओलांडल्यावर हा माळ सुरू होतो आणि तासन् तास संपत नाही. गाडीतून पाहणाऱ्याला वाटतं, इथे काहीच नाही. या एका समजुतीनं त्या माळाचं फार नुकसान केलेलं आहे.

हा प्रदेश म्हणजे ग्रेट बेसिन. पॅसिफिकवरून येणारे ढग सिएरा नेवाडाच्या पश्चिम उतारावरच रिते होतात, पलीकडे पर्जन्यछाया. सेजब्रशच्या बऱ्याच माळांवर वर्षाला 200 ते 300 मिलिमीटर पाणी पडतं. आता आपल्या माणदेशातही पाऊस कमीच, पण तो उबदार दिवसांत येतो, पडला की आठवड्यात माळ हिरवा. ग्रेट बेसिनमध्ये बरंचसं पाणी हिवाळ्यात बर्फ होऊन येतं. पाणी असतं तेव्हा थंडीनं वाढ होत नाही आणि वाढीजोगं ऊन येतं तेव्हा वरची माती कोरडी पडू लागलेली असते. तिथल्या प्रत्येक वनस्पतीला हा पेच सोडवावा लागतो.

सेजब्रशनं तो कसा सोडवलाय पाहा. वसंतात, बर्फ वितळून ओल असते तेव्हा, त्याला मोठी पानं फुटतात. उन्हाळा तापला की ती गळतात. त्यांच्याबरोबर लहान पानंही आलेली असतात, टोकाला तीन दाते असलेली, बारीक रुपेरी लव पांघरलेली. ती हिवाळाभर झाडावर टिकतात आणि थंडीतही थोडाफार ऊन पडलं की कामाला लागतात. खाली मुळांचेही दोन थर. एक वरच्या मातीत आडवा पसरलेला, दुसरा सरळ खोल गेलेला.

या मुळांविषयी 1987 साली रिचर्ड्स आणि कॉल्डवेल या दोन शास्त्रज्ञांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. रात्री पानांची रंध्रं मिटली की सेजब्रशची मुळं खालच्या ओल्या थरातलं पाणी वर आणतात आणि त्यातलं काही वरच्या कोरड्या मातीत सोडतात. विहिरीवर रात्रभर रहाट चालावा, तसं. पुढे त्यांनी जड हायड्रोजननं खूण केलेलं पाणी सेजब्रशच्या खोल मुळांना पाजलं, आणि ते शेजारच्या गवतात सापडलं! झुडूप शेजाऱ्याला मुद्दाम पाणी देतं असं मी म्हणणार नाही. पण त्याच्या शेजाराला गवत जगतं त्याचं एक कारण यात आहे. शिवाय वाऱ्यानं वाहून जाणारा बर्फ झुडपांशी अडतो, सावलीत उशिरा वितळतो, खाली पालापाचोळा कुजून माती कसदार होते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचे रिचर्ड कार्बन यांनी तर त्या वासाचाच अभ्यास केला. सेजब्रशची फांदी कातरली, किड्यानं खाल्ल्यासारखी, की तिच्यातून काही वायुरूप द्रव्यं बाहेर पडतात. साधारण 60 सेंटिमीटरच्या आतल्या शेजारच्या फांद्यांना ती पोचली की त्या फांद्यांची पानं त्या मोसमात कीड कमी खाते. प्लास्टिकच्या पिशवीनं हवा अडवली की हा परिणाम दिसत नाही.

झुडपाझुडपांमधली जमीन उघडी दिसते, पण तीही जिवंत आहे. नीलहरित जिवाणू, शेवाळ आणि दगडफूल यांची तिथे एक काळसर, खरबरीत खपली धरलेली असते. ती माती धरून ठेवते, हवेतला नायट्रोजन मातीत आणते आणि पुष्कळशा परक्या बियांना रुजू देत नाही. जनावरांच्या खुरांखाली ती चुरते आणि पुन्हा धरायला कित्येक वर्षं जातात, काही जागी दशकं.

आता या माळावरचं सगळ्यांत देखणं पाखरू, सेज-ग्राउस. कोंबडीच्या गणातलं, नर जवळजवळ तीन किलोचा. वसंतात पहाटे ठरावीक मोकळ्या जागी नर जमतात, शेपटीचा पंखा उभारतात, छातीवरच्या पिवळ्या पिशव्या फुगवून गडगड असा आवाज काढतात. माद्या येतात, पाहतात, निवड करतात आणि सेजब्रशच्या खाली घरटं घालतात. हिवाळ्यात हा पक्षी जवळजवळ फक्त सेजब्रशची पानं खातो. ज्या कडू, तेलकट द्रव्यांमुळे गायी-मेंढ्या तोंड फिरवतात, ती त्याला पचतात. दाणे भरडणारी पोटातली दणकट पेषणी मात्र त्याला नाही. सेजब्रश गेलं तर दुसऱ्या कशावर तो हिवाळा काढू शकत नाही. अर्ध्या किलोहून कमी वजनाचा बुटका ससाही असाच या झुडपाला बांधलेला आहे.

माणसंही बांधलेली होती. ओरेगॉनमधल्या फोर्ट रॉक गुहेत 1938 साली पुरातत्त्वज्ञ ल्यूथर क्रेसमन यांना सेजब्रशच्या सालीचे विणलेले चपलांचे जोड ज्वालामुखीच्या राखेखाली मिळाले. त्यांचं वय नऊ हजार वर्षांहून जास्त ठरलं. शोशोनी आणि पायूट या तिथल्या मूळ रहिवासी लोकांनी ही साल विणण्याची कला अगदी अलीकडेपर्यंत वापरली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोऱ्या वसाहतवाल्यांचे गायी-मेंढ्यांचे कळप आले. झुबक्याझुबक्यांनी वाढणारं तिथलं बारमाही गवत इतकी चराई सोसणारं नव्हतं. ते विरळ झालं, खपली तुडवली गेली. पुढे विसाव्या शतकात चारा वाढावा म्हणून साखळदंड ओढून, नांगरून, तणनाशक फवारून लाखो एकर सेजब्रश मुद्दाम उपटलं गेलं. माळावर झुडूप म्हणजे जागा फुकट गेली, हा विचार मला फार जवळचा वाटतो, आणि म्हणूनच खुपतो. आपल्याकडेही माळढोक आणि लांडगा ज्यावर जगतात ती गवताळ जमीन सरकारी दप्तरात पडीक म्हणून लिहिली जाते.

रिकाम्या झालेल्या जागेत चीटग्रास शिरलं. हे युरोप-आशियातलं वर्षायू गवत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला, बहुधा गव्हाच्या बियाण्यात मिसळून, तिथे पोचलं. शरदात उगवतं, हिवाळ्यात मुळं वाढवतं, वसंतातली ओल इतरांच्या आधी पिऊन टाकतं आणि जूनमध्ये वाळून काड होतं. पूर्वी झुडपांमधल्या उघड्या पट्ट्यांवर आग अडायची. आता त्या पट्ट्यांतच हे वाळकं गवत दाटलेलं असतं, म्हणून ठिणगी पडली की आग एका झुडपावरून दुसऱ्यावर सरळ जाते.

आणि सेजब्रश जळालं की बुंध्यातून पुन्हा फुटत नाही. परतायचं ते बियांतूनच. बी धुळीच्या कणाएवढं, बहुतेक आईपासून काही मीटरांतच पडतं आणि मातीत फार काळ तग धरत नाही. चीटग्रासचं बी मात्र वणव्यानंतरच्या शरदात पुन्हा उगवतं. आयडाहोतल्या स्नेक नदीच्या मैदानावर पूर्वी एका जागी 60 ते 110 वर्षांनी वणवा येई. चीटग्रास माजलेल्या भागात तो 3 ते 5 वर्षांनी येऊ लागल्याची नोंद 1990 मध्ये झाली. जे झुडूप शंभरी ओलांडू शकतं, त्याला वाढायला पाच वर्षंही मिळत नाहीत. 2022 मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांच्या पाहणीनं सांगितलं की चांगल्या स्थितीतला असा माळ दरवर्षी सुमारे 13 लाख एकरांनी घटतो आहे.

विमानातून बी फेकलं जातं, पण बरंचसं उगवत नाही. म्हणून काही ठिकाणी आता हातानं रोपं लावतात. ओरेगॉन, आयडाहो, नेवाडा अशा राज्यांतल्या काही तुरुंगांत कैदी ही रोपं वाढवतात. बी जवळच्याच माळावरचं गोळा केलेलं असतं, कारण उंची आणि थंडी बदलली की सेजब्रशचा उपप्रकारही बदलतो आणि चुकीचं रोप तग धरत नाही. उन्हाळाभर पाणी घालून, निवडून, शरदात ती रोपं जळलेल्या जमिनीवर नेतात. सगळ्यात आधी ती लावतात सेज-ग्राउसच्या वावराच्या जागी.