जुइनाचा तपकिरी हिरा

(नदीकाठची खडी, पाण्यात फिरणारी चाळणी)

ब्राझीलच्या मातो ग्रोसो राज्यातलं जुइना. खडी उपसायची, पाण्यात चाळायची, हाती लागेल ते निवडून घ्यायचं. इथल्या छोट्या खाणकऱ्यांचं, गारिंपेइरोंचं, हे रोजचं काम. २००८ साली अशाच चाळणीत हा हिरा आला. जेमतेम ३ मिलिमीटरचा, तपकिरी, आम्लाने खाल्ल्यासारखा खडबडीत. संशोधकांनी तो २० डॉलरच्या आसपास विकत घेतला.

(सूक्ष्मदर्शकाखाली हिरे)

हे आत अडकलेले कण पाहा. बाजारात हा डाग. डाग दिसला की भाव उतरतो, म्हणून पैलू पाडताना शक्य तेवढा तो भाग घासून काढतात. आणि तिथेच मोठं नुकसान होतं, कारण हिरा घडताना त्याच्या भोवती जे होतं, त्याचा हा अस्सल नमुना आहे. हा जांभळट लाल गार्नेट, हा हिरवा डायॉप्साइड, दोन्ही खनिजं. हे काळे कण गंधकाच्या संयुगांचे. त्यांतल्या रेनियम आणि ऑस्मियम या मूलद्रव्यांच्या प्रमाणावरून वय काढता येतं. काही हिरे ३ अब्ज वर्षांहून जुने निघाले आहेत. माणसाने खणलेलं सर्वांत खोल भोक, रशियातलं कोलाचं, १२ किलोमीटरच्या जरा पुढे जाऊन थांबलं. त्याच्या कितीतरी खालचा खडक या कणांमुळे आपल्या टेबलावर येतो.

(प्रयोगशाळा, क्ष-किरण यंत्र)

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाचे ग्रॅहम पिअरसन आणि त्यांचे सहकारी जुइनाच्या याच हिऱ्यात भलतंच खनिज शोधत होते. सापडला तो नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, सुमारे ४० मायक्रॉनचा कण: रिंगवुडाइट. जमिनीखाली ५०० किलोमीटरच्याही पलीकडे दाब इतका वाढतो, की ऑलिव्हिन या खनिजाचे अणू अधिक दाटीने रचले जातात आणि हे खनिज तयार होतं. तोवर ते उल्कापाषाणांत दिसलं होतं, प्रयोगशाळेत बनवलंही होतं; पृथ्वीच्या पोटातलं मात्र कधीच हाती आलं नव्हतं. वर येताना दाब सुटला, की त्याची रचना मोडते. या कणाभोवती हिऱ्याची भिंत होती, म्हणून तो टिकला.

क्ष-किरणांनी रचना पटली. मग अवरक्त किरणांनी तपासणी. कणाच्या वजनात जवळजवळ दीड टक्का पाणी होतं, स्फटिकाच्या रचनेतच बांधलेलं. २०१४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत हे प्रसिद्ध झालं. रिंगवुडाइट जिथे बनतं, तो खोलवरचा सगळा थर असाच असेल, तर त्यातल्या पाण्याची तुलना महासागरांशीच करावी लागेल.

(दागिन्याच्या प्रतीचा हिरा, जवळून)

२०२२ मध्ये बोट्स्वानातल्या कारोवे खाणीच्या हिऱ्यातही रिंगवुडाइट सापडल्याचं जाहीर झालं. त्याच्या सोबतचे कण ६६० किलोमीटर खोलीची खूण सांगतात. तो हिरा दागिन्यात शोभेल असा होता.